तुझ्या बाजूची कडी

दादा,

हे पत्र मी धाडणार नाही. आधी तू लिहायला हवंस.

समुद्रावर गाव वसवताना नियम तूच केलास: ज्याचं पटणार नाही, त्याने कडी सोडावी आणि आपलं तरंगतं घर घेऊन खुशाल जावं. पहिला गेलास तूच, तेही पाण्याच्या टाकीवरून माझ्याशी भांडून.

घरं जोडलेली होती तेव्हा तू जिना उतरलास की माझ्या फडताळातली भांडी वाजायची. मी वैतागायचे. आता भांडी गप्प असतात आणि मला करमत नाही.

नवीन बिऱ्हाडं तुझ्या जागेवर घर जोडू का, म्हणून विचारतात. कडी गंजून बसलीय, असं सांगते. दर रविवारी तिला तेल घालते, ते कुणी बघत नाही.

तुझी,
हट्टी धाकटी