दुसऱ्या मजल्यावरचं माहेर

इंदिरानगर, नाशिक
२६ एप्रिल २००३

ती. जिजीस,

धाकट्या पुंजारामचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे म्हणून निम्माच वाकलो. उरलेला नमस्कार समक्ष.)

ताजी खबर अशी की आज सकाळी सव्वाअकरा वाजता आमच्या गच्चीवर एक मांडा न फाटता खापरावर पडला. या बातमीला गोजराबाईंनी दुजोरा दिला आहे. गोजराबाई म्हणजे आमच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसतात त्या. माहेर सटाण्याजवळचं, त्यामुळे मांड्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. तुझ्या भावजयीनेही डोळ्यांनी पाहिलं, पण घरच्या साक्षीदाराला बाहेर कोणी विचारत नाही, म्हणून साधनाचं नाव मागून घेतो आहे.

दाजींचा गुडघा कसा आहे? चालणं सोडू नका म्हणावं. तुझी साखर आटोक्यात आहे असं सूनबाई फोनवर सांगते. तू स्वतः सांगितलंस तर जास्त बरं वाटेल, पण मी फोन केला की तू नेमकी पूजेला बसलेली असतेस. सकाळी केला तर पूजा, दुपारी केला तरी पूजा, एकदा मुद्दाम संध्याकाळी पाचला केला तर सूनबाई बिचारी जरा थांबली आणि म्हणाली, ‘मामा, आत्ताच बसल्या.’ देवालाही थोडी उसंत देत जा. राखी मात्र दरवर्षी वेळेवर पोचते. पाकिटावरचं अक्षर सूनबाईचं असतं, पण आतल्या कुंकवाच्या पुडीची घडी तुझी असते, ती मी ओळखतो.

आता तू विचारशील (विचारणार नाहीस, पण पत्र लिहिणाऱ्याला असं धरून चालावं लागतं) की चौतीस वर्षं पेपरात बसून दुसऱ्यांच्या बातम्या कापणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर मांडे करायची अवदसा कुठून आठवली? काही नाही, सहज. उन्हाळा आहे, वेळ आहे, पुढच्या रविवारी आखाजी (साधनाच्या भाषेत अक्षय्य तृतीया) आहे. माणसं निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जातात, मी कणीक तिंबतो. दोन्हींत घाम सारखाच येतो.

पहिलं खापर इथल्याच बाजारातून आणलं. दुकानदाराने ‘कशाला पाहिजे?’ विचारलं. ‘पोळीला’ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग साधनाकडे पाहिलं आणि तिच्याबद्दल त्याला वाईट वाटल्याचं स्पष्ट दिसलं. त्याच्याकडे खापर नव्हतंच. ‘मातीचं आहे, गोल आहे, पालथं घातलं की तेच’ असं म्हणून त्याने एक रुंद कुंडी दिली. घरी येऊन पालथी घातली तेव्हा बरोबर मधोमध भोक निघालं. साधना म्हणाली, ‘वाफ जायला ठेवलं असेल.’ (तिचं माहेर पंचवटीतलं. पुरणपोळी तव्यावर, ताटाएवढी, यापलीकडे त्या घराची मजल कधी गेली नाही.) भोकावर पत्र्याचा तुकडा ठेवून मी तीन विटांवर जाळ केला. चौथ्या मिनिटाला कुंडी अशी फुटली की तळमजल्यावरचे निवृत्त फौजदार उघड्या अंगाने काठी घेऊन वर आले. त्यांना मी चहा दिला. त्यांनी तो घेतला आणि ‘पुन्हा करणार असाल तर आधी कळवा’ असं सांगून गेले.

म्हणून दुसरं खापर आणायला थेट सटाण्याला गेलो. कुंभारवाड्यातून चांगलं वाजवून घेतलं, साधनाच्या जुन्या पातळात गुंडाळलं आणि स्टँडवर येऊन बसलो. शेजारच्या फलाटाला तुझ्या मालेगावची गाडी लागलेली होती. तासाभराचा रस्ता. अर्धी गाडी रिकामी होती. मी खापर मांडीवर घेऊन ती सुटेपर्यंत तिच्याकडे पाहत बसलो. सुटल्यावर धूळ खाली बसेपर्यंतही पाहिलं. मग नाशिकची लागली, तीत चढलो. कंडक्टर म्हणाला, ‘बाबा, हे सामान आहे का माणूस? माणूस असेल तर अर्धं तिकीट काढतो.’ सगळी गाडी हसली. बाजूच्या सीटवरच्या बाईंनी पातळाचं टोक उचलून आत पाहिलं आणि विचारलं, ‘आखाजीचं खापर व्हय? लेक येणार वाटतं?’ मी म्हणालो, ‘बहीण.’ विचार करून बोललो नव्हतो. पण एकदा बोलल्यावर ते शब्द देवळ्यापासून नाशिकपर्यंत खापराबरोबर माझ्या मांडीवर बसून आले.

खापर आलं, पण चूल गच्चीवर, आणि एप्रिल महिन्यात गच्चीवर तिसऱ्या मजल्याच्या कुरडया. माझ्या पहिल्या जाळाचा सगळा धूर वाऱ्याने उचलून त्या कुरडयांवर नेऊन ठेवला. पांढऱ्याशुभ्र कुरडया दुपारपर्यंत राखी रंगाच्या झाल्या. भरपाई म्हणून त्यांच्या नव्या कुरडयांवर मी दोन दुपारी छत्री उघडून कावळे हाकत बसलो. (कावळे हुशार निघाले. पहिल्या दिवशी छत्रीला घाबरले, दुसऱ्या दिवशी छत्रीवरच बसले.) तरीही सोसायटीची नोटीस लागलीच: गच्ची सामाईक असून तिचा वापर स्वयंपाकासाठी करू नये. नोटीस बरी लिहिली होती. एका वाक्यात भागलं असतं तिथे चार घातली होती, एवढीच माझी तक्रार. शेवटी सेक्रेटरींना गच्चीवरच बोलावून गोजराबाईंच्या हातचा एक मांडा, वाटीभर आमरस आणि वरून तूप असं वाढलं. त्यांनी बोटं चाटत आखाजीपर्यंत तोंडी परवानगी दिली.

गोजराबाईंची शिकवणी हा वेगळाच प्रकार. आयुष्यभर मी शिकाऊ मुलांच्या बातम्यांवर लाल रेघा मारल्या, त्याची परतफेड या बाईंनी पंधरा दिवसांत केली. गोळा हातावर घ्यायचा, मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकायचा, हे आईचं आणि तुझं मी लहानपणापासून पाहिलेलं. पाहताना मला तो वाऱ्याचा खेळ वाटायचा. स्वतः करताना कळलं की कणकेला माणसाच्या हातावरचे केस फार आवडतात. पहिला मांडा माझ्या डाव्या हाताला असा चिकटला की पुरण एकीकडे, पारी दुसरीकडे आणि मी मध्ये. गोजराबाई म्हणाल्या, ‘पयले हातवरना केस काढी ये.’ गेलो सलूनमध्ये. दोन्ही हात कोपरापर्यंत वस्तऱ्याने साफ करायला सांगितल्यावर न्हावी म्हणाला, ‘काका, ऑपरेशन आहे का लग्न?’ परत आलो तर मांडा चिकटेना, पण जाड व्हायला लागला. बाईंनी तो दोन बोटांत धरून उचलला आणि आख्ख्या गच्चीला ऐकू जाईल असं विचारलं, ‘भाऊ, हाई पोयी शे का गोधडी शे?’ मी म्हटलं, जमेल हळूहळू. त्यावर त्या म्हणाल्या, ‘तुना हात लिखाना शे, पोयीना नही.’ लिहिण्याबद्दल इतकं चांगलं मला ऑफिसात कोणी कधी बोललं नव्हतं.

मधल्या काळात हॉलच्या छताला हूक बसवून दोर आणि पाट टांगून झोकाही केला. आखाजीला झोका नाही तर काय? चाचणीसाठी साधनाला बसवलं. ती डाळ निवडायचं ताट घेऊन बसली ती तीन तास उठली नाही. तेव्हापासून घरातली निवडणं-टिपणं, पेपर वाचणं आणि माझ्याशी भांडणं ही सगळी कामं ती झोक्यावरूनच करते. भांडताना तो पुढे आला की मला मागे सरकावं लागतं.

असो. परवा याच झोक्यावरून तिने विचारलं, ‘हे सगळं चाललंय, पण जिजींना बोलावलंय का?’ मी म्हटलं, बोलावून भागत नाही. आमच्याकडे लेकीला आखाजीला आणायला माहेरचा माणूस जावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तो गेल्याशिवाय लेक पाय उचलत नाही. (पंचवटीहून इंदिरानगरला रिक्षाने वीस मिनिटांत येणाऱ्या बाईला हे समजावणं सोपं नाही.) ती म्हणाली, ‘मग गेला का नाहीत?’ तिला एवढी वर्षं मी अर्धीच गोष्ट सांगितली होती, ती त्या दिवशी पूर्ण सांगितली. तुला ती माहीतच आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेली नाहीस.

आई गेल्यानंतरची पहिली आखाजी, त्र्याण्णवची. गावचं घर काकांच्या वाट्याला गेलेलं. वर्षश्राद्धही व्हायचं होतं. तेव्हा मी तुला म्हणालो होतो, ‘आता नाशिकच तुझं माहेर, मी न्यायला येतो.’ तू पिशवी भरून ओट्यावर बसलीस. गल्लीत सगळ्यांना सांगितलंस, माझा भाऊ येतोय. आणि मी आलो नाही. मी पेपरचे गठ्ठे टाकणाऱ्या गाडीच्या गोरक्षला चिठ्ठी दिली की मालेगावचे गठ्ठे टाकून परत येताना माझ्या बहिणीला घेऊन ये. मला तेव्हा ते फार सोयीचं वाटलं होतं. गाडी आपली, फेरी ठरलेली, वेळ पक्की. गोरक्षने गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दिला आणि तू आली नाहीस म्हणून ओरडून सांगितलं, ‘मावशी, साहेबांनी पाठवलंय, बसा पटकन, मागं जागा झालीय.’ तू काय उत्तर दिलंस ते त्याने मला जसंच्या तसं येऊन सांगितलं. ‘मी गठ्ठा शे का, गाडीमा टाकाले?’ एवढं बोलून तू पिशवी उचललीस आणि आत गेलीस.

मला राग आला होता, जिजी. आपलं चुकलं हे कळायच्या आधी येतो तसा. कामाचा डोंगर होता, पहिलं पान माझ्याकडे होतं, तिला समजायला नको का, असं मी साधनाला दहा वर्षं सांगत आलो. मागच्या महिन्यात ऑफिसात जुन्या फायली पाहायला गेलो होतो, तेव्हा त्या तारखेचं पहिलं पान उघडलं. मुख्य बातमी होती: ‘शहरात उद्यापासून एक दिवसाआड पाणी.’ हे छापायला मी थांबलो होतो. दुसऱ्या दिवशी पाणी रोजच्यासारखं आलंही होतं, त्याचा खुलासा पान तीनवर आहे.

त्यानंतर नऊ आखाज्या गेल्या. लग्नाकार्यात आपण भेटतो, तू माझ्या पानात वाढतेस, मी ‘उकाडा फार’ म्हणतो, तू ‘हो ना’ म्हणतेस. दरवर्षी आखाजीला मी आईच्या नावाने घागर भरतो आणि वर खरबूज ठेवतो. ते ठेवताना आई विचारते आहे असं वाटतं, एकटाच का? साधना चार पोळ्या तव्यावर करते, चांगल्या करते. जेवण होतं. सण होत नाही.

पत्र फार लांबलं. माझ्या टेबलावर आलं असतं तर निम्मं कापलं असतं. दाजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझा,
पुंजू

ता. क. साधनाने पत्र वाचलं. तिच्या आग्रहावरून खुलासा करतो की आज सकाळी न फाटता खापरावर पडलेला मांडा गोजराबाईंच्या हातून पडला. मी बाजूला परात धरून उभा होतो. कोणाच्या हातून, एवढंच लिहायचं राहून गेलं होतं. माझ्या हातचे आजपर्यंत एकोणीस झाले, एकोणीसही फाटले. अठरावा त्यातल्या त्यात कमी फाटला.

ता. क. २. आत्ताच कळलं की गोजराबाईही रविवारी नसणार. मघाशी त्यांचा भाऊ सांगायला येऊन गेला, शुक्रवारी तो न्यायला येतोय. साठी उलटलेली बाई, पण भाऊ कोपऱ्यावर दिसल्याबरोबर तराजू टाकून उठली. गिऱ्हाईक हातात भेंडी घेऊन तसंच उभं राहिलं. ते गिऱ्हाईक मीच होतो. म्हणजे आखाजीला खापरापुढे मी एकटा. मांडे फाटणार, पुरण जाळावर सांडणार, धूर होणार. तू मात्र उठायचं नाहीस. माहेरी आलेल्या लेकीला आईने कधी चुलीपाशी फिरकू दिलं नाही, मीही देणार नाही. तू बसून मला नावं ठेवायचीस आणि फाटलेले खायचेस, एवढं एकच मागतो.

ता. क. ३. शनिवारी सकाळी सहाच्या एसटीने निघतो. नऊपर्यंत तुझ्या दारात पोचेन, एकटा आणि पायी. तयार असलीस तर परतीला साडेदहाची गाडी आहे. पूजेला बसली असशील तर ओट्यावर थांबतो. साडेबाराला एक आहे, तीनला एक आहे आणि शेवटची साडेसातला. तीही चुकली तरी घाई करू नकोस. आखाजी रविवारी आहे, आणि रविवारीही सकाळी पाचपासून गाड्या आहेत.