भाताला दम

३ जून, सोमवार
आज पुन्हा भाताचा लगदा. खाली करपलेला, वर कच्चा. इस्त्रीच्या दुकानातून सातला घरी येते तेव्हा पाय बोलायला लागलेले असतात. या वेळेला ह्यांची भांडी वाजत असायची. त्यांची पाळी चारला सुटायची, म्हणून रोजचा रात्रीचा स्वयंपाक त्यांचा, रविवार माझा. चार तास राबून करायचं सगळं मला येतं. झटपट काही येत नाही.

मुलीचा फोन. "काय खाल्लंस?" भात, म्हटलं. "खोटं बोलू नकोस आई. पाव खाल्ला असशील. महिनाअखेर तुला माझ्याकडे न्यायला येतेय." नको म्हटलं. हे घर सोडायचं म्हणजे ह्यांना दुसऱ्यांदा पोचवून यायचं.

४ जून
पाव.

६ जून, गुरुवार
दुकानात बटणं लावणारीने विचारलं, "भात शिजताना तू काय करतेस?" बघते, म्हटलं. "किती वेळा?" सारखी. ती हसतच सुटली. "अगं, झाकण काढलंस की वाफ गेली. दम दे त्याला."

दम — ह्यांचाच शब्द. गॅस बंद करून म्हणायचे, "आता भाताला दम देतो." मी म्हणायची, "त्यालाच द्या, मला नको." मग दोघं बसायचो. रद्दीतून आणलेल्या पुस्तकाचं एक पान मी मोठ्याने वाचायची, अडखळत. पान संपलं की झाकण निघायचं. मला वाटायचं, माझ्या वाचनासाठी थांबतात. थांबायचे भातासाठी! की दोन्हींसाठी, कोण जाणे.

७ जून, शुक्रवार
कांदा, गाजर, मटार परतले. तांदूळ, गरम पाणी, मीठ, झाकण. पाणी आटल्यावर गॅस बंद. रिकाम्या खुर्चीला पान वाचून दाखवलं. अडखळले, तरी पुरं केलं. झाकण काढलं — दाणा न् दाणा मोकळा.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तू येणार नाहीस." पूर्वी तिच्या फोनमागे जावयाचा टीव्ही ओरडत असायचा. हल्ली ऐकू येत नाही.

२८ जून, शुक्रवार
मुलगी आली. मला न्यायला म्हणून आली, पण मोठी बॅग तिचीच. "स्वयंपाकात बढती मिळाली वाटतं तुला," म्हणाली, आणि भात दोनदा वाढून घेतला. बॅगेचं विचारणार होते. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात पातेल्यावरच्या झाकणाकडे लक्ष गेलं. पुस्तक उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. ती ह्यांच्या खुर्चीत ऐकत बसली.

२९ जून, शनिवार
काल पान संपायच्या आत तिनेच सांगितलं. जावई मार्चमध्येच घर सोडून गेला. "तू आली असतीस, तर त्या घरात संध्याकाळी जावंसं वाटलं असतं गं."
आज तांदूळ दोघींचे घेतले.