कांदा उपाशी ठेवायचा असतो

सर, आज सकाळी माझ्या कुंडीतली लिली उमलली. एका दांड्यावर चार फुलं, लालभडक, आणि शेजारून दुसरा दांडा वर येतोय. तुमच्या कुंडीत दोन फुलं आली तरी तुम्ही अख्ख्या स्टाफरूमला घरी चहाला बोलवायचात. आता हे बघायला तुम्ही नाही, आणि त्याचा मला आज जेवढा राग आलाय तेवढा तुम्ही गेलात तेव्हाही आला नव्हता. तेव्हा, खरं सांगतो, बरं वाटलं होतं. पाच-सहा वर्षं होऊन गेली त्याला. माझं भांडण मात्र अजून संपलेलं नाही.

तुम्ही तिला अॅमरिलिस म्हणायचात. 'उन्हाळ्यात बागेत कुणीही फुलवतो रे. थंडीत, घरात, खिडकीत फुलवायची तर तिचा कांदा आधी उपाशी ठेवायला लागतो.' पावसाळा सरला की पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, कुंडी अंधारात सारायची. दिवाळी झाली की बाहेर काढून घोटाघोटानं पाणी, मग संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा फूल. दुष्काळाच्या त्या वर्षी तुम्ही आजारी आईपाशी गावी गेलात आणि कॉटखालची कुंडी माझ्यावर सोपवलीत. मी रोज तुमच्याकडे यायचो ते बॉटनीसाठी, असं तुम्हाला वाटायचं. तुमची मुलगी आमच्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, हे तुमच्या कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे. नंतर आलं.

तुम्ही परत आलात आणि कुंडी थेट प्रॅक्टिकलला घेऊन आलात. सगळा वर्ग टेबलाभोवती उभा. तुम्ही कांदा उपसलात, अंगठ्यानं दाबलात, आणि तपकिरी पाणी तुमच्या मनगटावरून ओघळलं. काय तो वास! 'पाणी घातलंस?' मी म्हणालो, 'हो सर.' तुम्ही रुमालानं सावकाश हात पुसलात. 'ज्याला एक कांदा उपाशी ठेवता येत नाही, तो उद्या संसार काय करणार? आणि माझ्या घराच्या पायऱ्या कसल्या आशेवर झिजवतोय?' मागून कुणीतरी 'कांदाभजी!' म्हणून ओरडलं. पोरं हसली. तुम्हीही हसलात. ते हसणं मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. नवी पेठेत मामाच्या कापडदुकानात मोजायचा गज घेऊन उभा राहिलो. त्याच उन्हाळ्यात तुम्ही मुलीला बार्शीला, धान्याची आडत असलेल्या घरात देऊन टाकलीत.

तर आता ऐका. पाणी मी घातलंच नव्हतं. तुमच्या लेकीनं घातलं.

टँकर यायचा तेव्हा काकू प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी वेगळं काढून ठेवायच्या, आठवतं? एका संध्याकाळी मी आलो तर ही कॉटखाली वाकलेली, हातात स्वतःच्या वाट्याचं फुलपात्र. मी म्हणालो, 'अगं, काय करतेस? तो झोपलाय.'

'झोपलाय? वाळून खारीक झालाय! तूच राहा की महिनाभर कोरडा.'

'सरांनी बजावलंय.'

'बाबांचं हे असंच. आधी उपाशी ठेवायचं, मग फुलत का नाही म्हणून ओरडायचं. सांगणार आहेस त्यांना?'

'नाही सांगणार.'

'बघ हां,' असं म्हणून ती हसली. त्या हसण्यापायी मी तुमच्यासमोर हो म्हणालो, सर. प्रॅक्टिकलला ती वहीत मान घालून उभी होती. तिच्यावरही रागावून पाहिलं मी. जमत नाही. म्हणून तिच्या वाटणीचाही राग तुमच्यावरच काढतो.

परवापर्यंत माझं ठरलं होतं. कुंडी सायकलच्या कॅरिअरला बांधायची, तुमच्या घरी न्यायची, हार घातलेल्या फोटोखाली ठेवायची आणि काकूंना सगळं सांगायचं. किंवा हे लिहून पाकिटातून पाठवायचं. पण ती संक्रांतीला माहेरी आलीय, लेकरू घेऊन. पाकीट तीच फोडेल. तुमचं नाक खाली करायला जावं तर मान तिची खाली जाणार. तुम्ही मरूनसुद्धा बरोबर आडवे आलात.

तेव्हा हे कुठंही जाणार नाही. आणि जाणारच नाही तर एक गोष्ट लिहून टाकतो. यंदा कुंडी जिन्याखालच्या खोलीत ठेवून मी कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. म्हटलं, मी मागितली तरी देऊ नकोस.

'येडा हायस का रं? कांदा हाय का दागिना?'

'असू दे. देऊ नकोस.'

मागितली, सर. एकदा नाही, कितीदा तरी. कधी दटावून, कधी गोड बोलून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. ही चार फुलं आईची आहेत. शेवटी तर ती किल्ली कमरेला खोचून माझ्याकडे बघत म्हणाली, 'लई कळवळा आलाय व्हय? मग त्ये पानी तूच पी की.'

मी प्यालो.