खर्ड्याची लढाई मी कशी हरलो

खर्डा, ता. जामखेड
१३ मार्च १९७३

तीर्थरूप मरियाआक्कास,

धाकट्या यशयाचा सलाम. दया शेजारीच बसली आहे, तिचाही सलाम. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलंस की आता बरा आहे, पण ज्या अक्षरात लिहिलंस त्यावरून तो बरा वाटला नाही. तीस वर्षं दुसऱ्यांना इंजेक्शनं दिलीस, आता एक स्वतःला घे. तुमच्या देवळालीला कालव्याला पाणी आहे आणि ऊस उभा आहे असं ऐकतो. इकडे टँकरचा भोंगा वाजला की शाळा सुटते (मी सोडत नाही, ती आपोआप सुटते; हेडमास्तरसुद्धा घागर घेऊन पळतात). बाकी प्रभूच्या कृपेनं ठीक आहे, फक्त गावात तोंड दाखवायला जागा राहिलेली नाही, आणि त्याचं मूळ तू नाताळात पाठवलेलं ते खोकं आहे.

तू खोक्यात चिठ्ठी ठेवली होतीस, 'पोरीबरोबर बस.' मी ते खोकं महिनाभर उघडलं नाही. तुला माहीत आहे, दयाची आई जाऊन दोन वर्षं झाली आणि तेव्हापासून आम्हा बापलेकींचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का' आणि 'हो' एवढंच. त्यात सहामाहीला तिला माझ्याच विषयात, गणितात, शंभरापैकी एकोणीस पडले आणि मी ते सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचले. (बाकीच्यांचेही वाचले, पण ती बाकीच्यांतली नव्हती, हे मला नंतर सुचलं.) त्यानंतर 'हो'सुद्धा बंद झालं, नुसती मान हलायची.

तर एका शनिवारी दुपारी खोकं उघडलं. तुमच्या मिशन दवाखान्यातले जुने डॉक्टरसाहेब मायदेशी जाताना जे सोडून गेले ते म्हणजे शिशाचे साठ शिपाई, बोटाच्या पेराएवढे, काही पायी, काही घोड्यावर, एकालाही रंग नाही. शिवाय दोन फासे आणि एक इंग्रजी चोपडं. मी चोपडं वाचलं. शिपाई रंगवायचे, दोन फौजा करायच्या, फूटपट्टीनं मोजून पुढं सरकवायच्या आणि फाशांनी लढायचं. मोठी माणसं हे करतात हे वाचून मला त्या देशाची काळजी वाटली. पण शिपायांच्या डोक्यावर उंच उंच टोप होते, ते बघून दया म्हणाली, "हे आपले नाहीत." दोन महिन्यांनी तिनं आपणहून काढलेले हे पहिले शब्द. मी लगेच कानस आणली आणि टोप घासायला बसलो. दोघांची डोकीच गेली. मग तिनं माझ्या हातातून कानस काढून घेतली आणि उरलेल्यांच्या टोपांवर डिंक लावून दोरा गुंडाळला. पागोटी झाली, आक्का! नखाएवढी पागोटी, आणि प्रत्येकाची बांधणी वेगळी. खर्ड्यात राहून दुसरी कुठली लढाई करणार? एक फौज मराठ्यांची, एक निजामाची.

रंगाचं म्हणशील तर पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावायचा तांबडा, पिवळा, हिरवा घोडेगावच्या बाजाराहून आणवला. ब्रश मात्र घरात चुना लावायचा. मी पहिला शिपाई रंगवला तेव्हा त्याला गोवर आल्यासारखं दिसत होतं, दुसऱ्याला कावीळ. दया म्हणाली, ब्रश बारीक हवा. तिनं शेजारच्या मनकर्णाबाईंच्या शेळीच्या कानामागचे केस कातरले आणि बोरूला बांधले. मनकर्णाबाईंनी शेळी दाखवायला आमच्या दारात आणली. मी शाळामास्तर असून शेळीची माफी मागितली. (शेळीनं ती दिली नाही, जाताना हिरव्या रंगाचं झाकण चावून गेली.) पण त्या ब्रशानं पोरीनं काय केलं ते तू बघायला हवं होतंस. रंगात टर्पेंटाइन घालून पाण्यासारखा पातळ करायची, आधी गडद हात, तो वाळला की उंच भागावर फिका. अंगरख्याच्या चुण्या दिसू लागल्या. श्वास रोखून घोड्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका द्यायची, आणि तो घोडा तुझ्याकडे बघायचा. मी दुसऱ्या आठवड्यापासून फक्त जमीन रंगवत होतो, म्हणजे शिपायांच्या पायाखालची पट्टी. तीही ती पुन्हा रंगवायची, मी झोपल्यावर.

इथं कानिफनाथबाबा येतात. हे किल्ल्याजवळ राहणारे ऐंशीचे म्हातारे. त्यांचा कुणी पूर्वज त्या लढाईत होता असं ते सांगतात आणि गावात कुणी नाही म्हणत नाही. फौज बघायला आले, एकेक शिपाई डोळ्यांजवळ धरून पाहिला. मी शाबासकीची वाट बघत होतो. बाबा म्हणाले, "मास्तर, समदं लई झ्याक हाय. पर पानी कुटं हाय?"

मी म्हणालो, "बाबा, ही लढाई आहे."

"म्हून तर इचारतोय. मानसं काय तलवार पिऊन लढली व्हय? आमचा म्हातारा पखाली वाहत हुता. त्याला कुटं ठिवलाय?"

मी हसलो. दया हसली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून पाय मोडलेले चार घोडे तिनं घेतले, मेणाची शिंगं लावून बैल केले, पाठीवर चामड्याच्या चिंध्यांच्या पखाली. प्रत्येक फौजेला दोन. आणि चोपड्यात पेन्सिलीनं नियम लिहिला : दर तिसऱ्या डावाला ज्या तुकडीजवळ पखालीचा बैल किंवा विहीर नसेल ती जागेवरच थांबेल. मी उदार मनानं सही केली.

लढाईची तारीख साधून परवाच्या रविवारी, अकरा मार्चला, प्रार्थना आटोपल्यावर शाळेच्या ओट्यावर फळा आडवा टाकला. खडूनं ओढा, टेकड्या, सोड्याच्या बाटलीच्या बुचाची विहीर. टँकर आला नव्हता, त्यामुळे घागरींसकट सगळा गाव तिथंच. मराठे अर्थातच मी घेतले. निजाम व्हायला दुसरं कोण तयार होणार, म्हणून ती झाली. आक्का, मी खर्ड्यात, खर्ड्याच्या लोकांसमोर, मराठ्यांच्या बाजूनं लढत होतो. इतिहास माझ्या खिशात होता. घोडदळ सुसाट सोडलं. लोक ओरडत होते. बैल फार हळू, त्यांच्यासाठी कोण थांबतो? ती मात्र आपले शिपाई, आपले बैल बोटाबोटानं सरकवत विहिरीभोवती नेऊन बसली. तिसरा डाव आला आणि माझं सगळं घोडदळ उन्हात उभं राहिलं. मग तिनं फासे उचलले. पुढचं लिहवत नाही. अर्ध्या तासात माझा झेंडा तिच्या हातात होता.

 मग छगन पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, "मास्तर, तुमी खर्डा घालवला की राव!" आणि जो हशा उठला तो अजून बसलेला नाही. कानिफनाथबाबांनी मात्र दयाच्या डोक्यावर हात ठेवला. "बाय माझी, त्या टायमाला तू तिकडं न्हवतीस त्येच आमचं नशीब."

 घरी येताना तीच बोलली. "पप्पा, तुमचा घोडा दोन डावांत चोवीस इंच गेला. बैल आठ. मधले सोळा इंच तुम्ही धरलेच नाहीत." एकोणीस मार्कांची पोर, आक्का. तिनं ते वर्गासमोर वाचलं नाही, कानाशी येऊन सांगितलं. मी म्हणालो, माझं चुकलं. तिनं विचारलं, कोणतं? मी म्हणालो, दोन्ही. मग घरापर्यंत ती माझं बोट धरून चालली. बारा वर्षांची झाली, तरी.

प्रभू तुला सांभाळो, आणि तू गुडघा सांभाळ.

तुझा धाकटा भाऊ,
यशया

ता. क. श्रीरामपूरला कुणी जाणार असेल तर एक बारीक ब्रश पाठव. शेळी आता आम्हाला बघून पळते.

ता. क. दुसरा. दिवाळीत आपलं ठरलं होतं की जूनपासून दयाला तुझ्याकडे ठेवायचं, कारण ती मला सांभाळता येत नाही. तेव्हा मीच तुझ्या पाया पडलो होतो. एवढं लांबलचक पत्र लिहिलं ते खरं तर हे सांगायला : तिला नेऊ नकोस. तोंडावर सांगायचा धीर झाला नसता.

ता. क. तिसरा. आत्या, पप्पांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, मी वाफेवर उघडलं. जूनचं मला आत्ताच कळलं. मला कुणी विचारलंच नव्हतं, तर मी सांगते, मी जाणार नाही. पाकीट मी पुन्हा चिकटवते आहे, त्यांना कळवू नकोस. पण तू लगेच 'बरं' असं लिही. नाहीतर ते रोज पोस्टमनच्या वाटेकडे बघत ओट्यावर बसतील आणि मला ते बघवणार नाही. दया.