केसभर फट

मंगळवार संध्याकाळ, खमीस मुशैत

कफील, म्हणजे माझा इथला सौदी मालक, म्हणतो, आता कामावर सौदीच हवा. "माझ्या भाच्याला शिकव, त्याला रायफलीचा लाकडी दस्ता जमला की तू घरी जा." आज भाच्याने केलेला दस्ता जुन्या ब्रिटिश रायफलीला बसवून पाहिला. लाकूड आणि लोखंडात केसभर फट. कफिलाने विचारलं, "चालेल ना?" हो म्हणायचं आणि सुटायचं! मी नाही म्हणालो. मूळ दस्ता विलायतेत कुठल्या सुताराने घडवला कोण जाणे, पण त्याने फट ठेवली नव्हती. मग मी का चालवून घेऊ?

फोनवर बायको म्हणाली, "केसभरच ना? आपलं मागचं दार दोन वर्षं लागत नाही. दोरीने बांधते मी. ते कोण बघणार?"

सुताराचं दार, दोरीने!

उद्यासाठी भाच्याला नवं लाकूड काढून ठेवलंय.