सात नंबरच्या गटातून मला वेगळे बसवण्याबाबत

प्रति,
मा. अधिष्ठाता,
विज्ञान विद्याशाखा, नुरीबोम विद्यापीठ, छंगजू.

विषय : सक्तीच्या गट-अभ्यासातून वगळण्यासाठी दुसरा अर्ज.
संदर्भ : आपले दि. ४ ऑक्टोबरचे नकारपत्र.

महोदय,

रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या या गटात, वरच्या वर्गातला गटप्रमुख धरून, आम्ही चौघे आहोत. साप्ताहिक चाचणीतली गटाची सरासरी ५८ वरून ८३ वर गेली, म्हणून मला वगळण्याचे कारण दिसत नाही, असे आपण कळवलेत. सरासरी कशी वाढली, हे मी पहिल्या अर्जात लिहिले नव्हते.

१. आमचे गटप्रमुख सनबे (ज्येष्ठ विद्यार्थी) प्यो ग्यू-वन यांनी पहिल्याच बैठकीत नियम घातला : ज्याचे उत्तर बरोबर, त्याने चुकणाऱ्याच्या कपाळावर टिचकी मारायची. हे शाळेपासून चालत आलेले, आम्ही हसलो. पुढे मनगटावर दोन बोटांचे फटके आले, चौथ्या आठवड्यात बोटांवर पट्टी. ओक से-बिनचे नख काळे पडून गळाले. गटाच्या हजेरीसाठी आपल्याला पाठवलेल्या फोटोत आम्ही सगळे हसत आहोत. से-बिनचा हात टेबलाखाली आहे.

२. मार चुकावा म्हणून मी बैठकीआधी चार-चार तास एकटीने वाचू लागले. माझे उत्तर चुकेनासे झाले, तशी मारणारी मीच उरले. "हे-रिन आली, मनगटं लपवा," असे से-बिन म्हणायचा. त्यानंतर मी मारता यावे म्हणून वाचत होते. पट्टी मोडल्यावर प्रयोगशाळेतल्या स्टँडचा दांडा मीच आणला.

३. १२ ऑक्टोबरला माझ्या खोलीत राहणाऱ्या माङ दा-उलने परमँगनेटमधल्या मँगनीजचा ऑक्सिडेशन क्रमांक पाच सांगितला. तो सात आहे. मी मारले. हाड मोडल्याचा आवाज सर्वांनी ऐकला. सनबे म्हणाले, "पुढचा प्रश्न."

रुग्णालयात दा-उल मला म्हणाली, "सात गं. येत होतं मला. तुझ्या हाताकडे बघितलं आणि विसरले."

तरी दा-उलची परीक्षा तोंडी घ्यावी. मोडलेला हात उजवा आहे. गट-अभ्यासाचे तीस गुण मला देऊ नयेत. त्यांच्यावाचून माझे वर्ष जाईल, याची मला कल्पना आहे. मात्र मला दुसरा गट देण्याचा आपला विचार असेल, तर कृपया तसे करू नये. माझा अभ्यास पूर्ण झाला आहे.

आपली नम्र,
क्वाक हे-रिन
दि. १६ ऑक्टोबर

सोबत :
१. क्ष-किरण चित्राची प्रत.
२. गटाचा फोटो.
३. लोखंडी दांडा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. परत नको.