सभापतींचा पूर

२ फेब्रुवारी, सोमवार

नगरपंचायतीच्या बांधकाम समितीचा सभापती झालो. बिनविरोध. दुसऱ्या कुणाला ते पद नको होतं असं काही जण म्हणतात, पण बिनविरोध ते बिनविरोध.

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. पहाटे पाचला उठणे. कमी बोलणे. घोड नदीवर पूल.

पूल कुठे, ते मी ठरवणार नाही. तज्ज्ञ ठरवतील. माझं वैयक्तिक मत एवढंच की तो मोहिनी लॉन्ससमोर उतरला तर लोकांची सोय होईल. लॉन्स माझे आहेत हा निव्वळ योगायोग.

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

आत्ता उठलो. काल सत्कार लांबला.

लॉन्सची जमीन मोहिनीच्या माहेरची. नदीकाठचा दीड एकर, तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केलेला. वर्षभर तिच्या मागे लागलो तेव्हा कुठे तिने कांदा बंद केला. अट एकच घातली, तिथलं पहिलं लग्न आपल्या अक्षदाचं. तारीख १० मे. सतरा मेपासून अधिक महिना, त्यामुळे पुढे ढकलायला जागा नाही. हॉल झाला, स्टेज झालं, हिरवळ लावून झाली. राहिला फक्त वापर परवाना, आणि तो आमच्याच नगरपंचायतीने द्यायचाय. म्हणजे मिळाल्यातच जमा.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. पुलासाठी भीमाशंकरला साकडं घालायला निघालो. डिंभ्याच्या पुढे गाड्यांची रांग. चार तास एकाच वळणावर. तिथूनच हात जोडले. एवढी माणसं दरवर्षी आपल्या भागातून जातात आणि त्यातलं कुणी आपल्याकडे लग्न करत नाही, याचं कारण पूल नाही हेच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पुलासाठी सल्लागार इंजिनिअर नेमायच्या मुलाखती. मुख्याधिकारी साहेब, मी आणि दोन सदस्य. साहेबांनी गुणपत्रिका छापून आणली होती: अनुभव, कार्यपद्धती, सादरीकरण. मी एक रकाना वाढवायला लावला. दूरदृष्टी, वीस गुण.

पहिले गृहस्थ कोथरूडचे. निवृत्त इंजिनिअर, पायात साध्या चपला. कालच येऊन नदी पाहून गेले म्हणे, कुणाला न विचारता. म्हणाले, वर डिंभ्याचं धरण आहे, तुमच्याकडे पूर येऊन येऊन किती येणार. वरच्या अंगाला दोन्ही काठांना खडक आहे, पात्र अरुंद आहे, पलीकडच्या वाडीतली माणसं तिथूनच ये-जा करतात. तिथे छोटा पूल पुरे. दूरदृष्टीत वीसपैकी दोन दिले. ते दोनसुद्धा वयाकडे बघून.

दुसरी पुण्याची कंपनी. त्यांनी अंधार करून व्हिडिओ दाखवला. उंच पूल, निळे दिवे, पाण्यात पांढरी बदकं. मी विचारलं, पूल कुठे उतरेल. त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला कुठे हवाय. अशी जाणकार माणसं आजकाल कमी झाली आहेत. वीसपैकी वीस.

वाडीतला जानकू दाराशी उभा होता. डिंभ्याला मासे धरतो. म्हणाला, भाऊ, पूल खडकापाशीच करा, पावसाळ्यात आजारी मानूस खाटेवं घालून पान्यातनं आनावं लागतंय. मी त्याला मोठा विचार कसा करायचा ते वीस मिनिटं समजावलं. त्याने मान हलवली. पटलेलं दिसलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीचे मालक येणार म्हणून हार, नारळ, शाल. आली एक मुलगी. हर्षाली मॅडम, वय सव्वीस, पाठीला सॅक. शाल तिलाच दिली.

नदी पाहून म्हणाली, साहेब, तुमच्या लॉन्सपाशी पात्र पसरट आहे. पूर लहान असेल तर इथे बुडता पूलच मंजूर होईल, पावसाळ्यात दोन-चार दिवस पाण्याखाली जाणारा. उंच पूल हवा असेल तर पूर तेवढा मोठा असायला लागतो.

इशारा कळला. पोरगी हुशार आहे, उघड बोलत नाही.

पूर किती ते कसं ठरवता, विचारलं. इथल्या पाण्याची जुनी नोंद नाही, म्हणाली. मग गावातल्या जुन्या माणसांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं. ते दाखवतील तिथे खूण करायची, पंचनामा करायचा, त्यावरून हिशेब.

म्हणजे गावाच्या आठवणीवर पूल. आठवणी आपल्याकडे रग्गड.

५ मार्च, गुरुवार

मोजणीची माणसं उसाच्या बाजूला जायला तयार नाहीत. परवा तिथे बिबट्या दिसला. मी सांगितलं, तो आपल्याच भागातला आहे, काही करत नाही. तरी गेली नाहीत.

९ मार्च, सोमवार

उद्या पंचनामा. आज पारावर सगळ्या म्हाताऱ्यांना भेळ आणि चहा. सांगितलं, पूर कमी सांगू नका, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे. ज्यांना पूर आठवत नव्हता त्यांनाही दुसऱ्या भेळेनंतर आठवला.

संकल्प: उद्या कमी बोलणे.

१० मार्च, मंगळवार

ऐतिहासिक दिवस.

पहिल्या माणसाने मांडीएवढं पाणी सांगितलं. दुसऱ्याने छातीएवढं. मग गेणभाऊ उठले, वय ब्याऐंशी. म्हणाले, मांडीएवढं काय सांगतो, खुट्याला बांधल्याली म्हस दावं तोडून चिचंच्या शेंड्याला लागली व्हती. हर्षाली मॅडमनी विचारलं, साल कोणतं. माझा बैल मेला ते साल. बैल कधी मेला. पूर आला तवाच की. मॅडमनी लिहून घेतलं.

खूण करायला लॉन्समधल्या चिंचेपाशी गेलो. गेणभाऊंनी काठी उंच धरली. मग म्हणाले, ह्याच्या वर व्हतं, आणि स्टूल आणवलं. लाल रंगाचा डबा मी घरून नेला होता.

बोलायचं नव्हतं, पण पदाची जबाबदारी असते. मीही साक्ष दिली. तरुणपणी याच पुरात उडी टाकून दोन माणसं काढली, असं सांगितलं. हल्लीच्या स्टेजच्या वर आठ फूट पाणी होतं, हेही सांगितलं. मॅडम शब्द न् शब्द लिहीत होत्या. भारावून गेल्या होत्या. पंचनाम्यावर अकरा सह्या. पहिली माझी.

जानकू मध्येच म्हणाला, मॅडम, येवढं पानी आलं आसतं तर डिंभ्याचं धरान ऱ्हायलं नसतं, आन आमची वाडी बी. तेही त्यांनी लिहिलं. असू दे. एकाविरुद्ध अकरा.

जेवताना मोहिनीला सांगितलं. ती म्हणाली, त्या साली तुमी पुन्याला मामाकडं व्हता. आन पानी खालच्या बांधाच्या वर आलंच न्हाई. मी त्या बांधावं बसून शेंगा खाल्ल्यात. तिला म्हटलं, तांत्रिक गोष्टी तुला कळायच्या नाहीत. तिने भाकरी वाढली.

१ एप्रिल, बुधवार

पत्रिका छापून आल्या. स्थळ: मोहिनी लॉन्स, नियोजित उंच पुलाजवळ. अक्षदा म्हणाली, पप्पा, पूल अजून कुठंय. नियोजित शब्दाचा अर्थ तिला समजावून सांगितला.

१५ एप्रिल, बुधवार

अहवाल आला. एकशे चौऱ्याऐंशी पानं, सगळी इंग्रजी. फोटो बघून संपवला. चिंचेच्या फोटोत मी आहे, स्टूल धरून. माझं नाव चार ठिकाणी. एवढ्या मोठ्या अहवालात नगराध्यक्षांचं नाव एकदाच.

१६ एप्रिल, गुरुवार

हर्षाली मॅडमनी सभेत अहवाल मराठीत समजावला. उंच पूल मंजुरीला योग्य आहे. ऊर भरून आला. पुढे म्हणाल्या, पण एवढ्या मोठ्या पुरात लॉन्सपाशी पाणी इतकं पसरतं की तिथे पूल बांधणं परवडणारं नाही. म्हणून शिफारस वरच्या अंगाला, खडकापाशी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सभापतीने हात आखडता घेणं बरं दिसत नाही. कोथरूडवाल्यांनी हेच सांगितलं होतं, असं साहेब माझ्या कानात म्हणाले. त्यांचा छोटा होता, आपला उंच आहे.

पूल नाही तर नाही. लॉन्स आहेत.

१७ एप्रिल, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर नकाशा, नकाशावर निळी रेघ. पूर इथवर येतो असं एकदा कागदावर आलं की रेघेच्या आत बांधकामाला परवाना देता येत नाही, म्हणाले. लॉन्स कुठे आहेत, विचारलं. त्यांनी पेन्सिल रेघेच्या पार आत नेऊन ठेवली. म्हणाले, दादाभाऊ, तुमचं स्टेज आठ फूट पाण्याखाली आहे.

आधार काय, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी पंचनामा पुढे केला.

घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगायचं.

२० एप्रिल, सोमवार

पुण्याला हर्षाली मॅडमच्या ऑफिसात. म्हटलं, नीट आठवून पाहता पाणी एवढं नव्हतं. गुडघाभर असेल. त्यांनी चहा मागवला. शांतपणे म्हणाल्या, चालेल साहेब, पंचनामा खोटा होता असं अकराही पंचांनी लिहून द्या, आम्ही पूर खाली आणतो. फक्त खोटी साक्ष देणाऱ्याचं पद राहतं का, ते एकदा वकिलाला विचारून घ्या.

मुलगी म्हणून मी तिला पहिल्या दिवशी शाल दिली होती.

२२ एप्रिल, बुधवार

गेणभाऊंच्या पाया पडलो. म्हटलं, पूर थोडा उतरवा. तालुक्याच्या पेपरात त्यांचा फोटो आलाय, महापुराचे अखेरचे साक्षीदार. भिंतीला लावलाय. म्हणाले, दादाभाऊ, मी शब्द फिरवनारा मानूस न्हाई. उलट त्या दिवशी मॅडमपुढं दोन फूट कमीच सांगितलं.

बाकीचे नऊ म्हणाले, गेणभाऊ म्हणतील तसं.

घरी आलो तर मोहिनीला कळलेलं होतं. साहेबांच्या शिपायाची बायको तिच्या बचत गटात आहे. मोहिनी एवढंच म्हणाली, पोरीला तुमी सांगा. मी सांगनार न्हाई.

२३ एप्रिल

अक्षदाला सांगितलं. ती रडली नाही. मोबाईल काढून मंगल कार्यालयांना फोन लावायला बसली. अठरा ठिकाणी नाही म्हणाले. हे बघवलं नाही. मळ्यात जाऊन बसलो.

१० मे, रविवार

वारूळवाडीच्या एका कार्यालयात लग्न झालं. अधिक महिन्याच्या आधी सगळ्यांनाच उरकायचंय, त्यामुळे आम्हाला मिळाली ती सकाळची पाळी, सात ते दहा. पत्रिकांवर चिकटवायला पट्ट्या छापल्या होत्या, तरी निम्मे पाहुणे आधी आमच्या लॉन्सवर गेले आणि बंद फाटक बघून लग्न मोडलं असं समजून परतले. पावणेदहाला दुसऱ्या वऱ्हाडाचा बँडवाला दारात येऊन वाजवायला लागला. त्याच्याच वाजंत्रीवर आमची पोरगी सासरी गेली.

मोहिनी दिवसभर सगळ्यांशी हसून बोलली. माझ्याशी बोलली नाही.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आज संकल्प वगैरे काही नाही.

१९ मे, मंगळवार

आशादायक बातमी. पावसाळ्याआधी आपत्ती व्यवस्थापनवाले तालुक्यात रंगीत तालीम घेतात. यंदा सर्वांत धोकादायक जागा म्हणून मोहिनी लॉन्सची निवड झाली. अधिकारी येणार, पत्रकार येणार. कार्यक्रमपत्रिकेवर लॉन्सचं नाव मोठ्या अक्षरात. पाहुण्यांचं स्वागत मी करीन असं साहेबांना कळवलं. ते म्हणाले, तुमच्यासाठी वेगळं काम ठेवलंय.

२१ मे, गुरुवार

काम पूरग्रस्ताचं होतं. अनुभवी माणूस हवा, असं अहवाल वाचून त्यांनीच ठरवलं म्हणे.

नदीला पाणी घोटाभर. म्हणून रबरी बोट हिरवळीवरच ठेवली. मला लाईफ जॅकेट घालून स्टेजवर उभं केलं, जिथे अक्षदा बसायची होती तिथे. माईकवरून अधिकाऱ्यांनी विचारलं, काका, पाणी कुठवर आलंय. खरं सांगावं तर कार्यक्रम बंद पडला असता. डोक्याच्या वर हात करून दाखवला. मग जोरात ओरडा म्हणाले. ओरडलो. चार जवानांनी उचलून बोटीत घातलं आणि बोटीसकट फाटकापर्यंत चालत नेलं.

सगळं गाव आलं होतं. गेणभाऊ शेजारच्याला सांगत होते, त्या साली बी ह्यो आसाच वरडला व्हता.

जानकू कडेला उभा होता. हसला नाही. बोटीतून उतरायला त्याने हात दिला. म्हणाला, भाऊ, खडकापाशी पुलाचा पाया तपासायला आजपासनं खोदकाम लागलंय, तुमच्यामुळं झालं. तो मनापासून बोलत होता. मला तोंड वर करवेना.

२३ मे, शनिवार

विचार करून पाहिला. लॉन्सवर तरणतलाव, शेततळं, पूर पर्यटन असं बरंच काही करता येईल. सविस्तर योजना लिहायला घेतली आणि मोहिनीला वाचून दाखवली. लग्नानंतर आज पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. म्हणाली, सोमवारी ट्रॅक्टर सांगितलाय. हिरवळ नांगरून घ्यायची, पाऊस झाला का बाजरी पेरायची. सातबारा माझ्या नावावं हाय.

म्हटलं, अगं, नदीकाठ आहे, पुरात जाईल.

ती म्हणाली, पूर आलाय कवा तिथं.